सुदानसाठी मौद्याहून पत्र

मौदा तालुका धानाचा. कन्हानकाठच्या बांध्यांत रोवणी करणाऱ्यांना भुकेचं मोल सांगावं लागत नाही. म्हणूनच सुदानबद्दल इथून कुणी बोलावं, असं मनापासून वाटतं. तिथे एप्रिल 2023 पासून यादवी आहे. ऑगस्ट 2024 मध्ये दारफुरच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं जाहीर झालं. ही घोषणा सहजासहजी होत नाही. किमान 20 टक्के कुटुंबांची अन्नान्नदशा, 30 टक्के बालकं तीव्र कुपोषित आणि दर 10,000 माणसांमागे रोज दोन मृत्यू, असे तिचे निकष. तोवर कितीतरी लेकरं गेलेली असतात.

परदेशाला धान्य देण्याचा निर्णय केंद्राचा. तेव्हा पत्र आमदारांना नव्हे, रामटेकच्या खासदारांना लिहावं. ते लोकसभेत प्रश्न विचारू शकतात, शून्य प्रहरात विषय मांडू शकतात. पत्रात नुसती हळहळ नको. किती तांदूळ, कोणत्या मार्गाने, हे स्पष्ट मागावं. भारताने अफगाणिस्तानला 50,000 टन गहू देऊ केला होता. त्याची पहिली खेप फेब्रुवारी 2022 मध्ये अटारीहून, पाकिस्तानातून ट्रकांनी गेली. पोर्ट सुदानला तर जहाज जातं.