हाराइमोदोशी, प्लीज!

जपानला जायचं ठरलं की पहिला सल्ला हमखास येतो, ‘जेआर पास काढ!’ मीही काढला. सात दिवसांचा, 50,000 येनचा. टोकियोला उतरल्यावर व्हाउचर देऊन पास घेतला, सुरुवातीची तारीख परवाची टाकली.

रात्री हॉटेलवर हिशेब मांडला आणि झोपच उडाली. मला तर फक्त क्योटोला जाऊन यायचं होतं! बुलेट ट्रेनचं जाण्या-येण्याचं तिकीट सुमारे 28,000 येन. गोम अशी, की ऑक्टोबर 2023 मध्ये हाच पास 29,650 वरून थेट 50,000 वर गेला आणि माझे सल्लागार जाऊन आले होते त्याआधी!

नियम सरळ आहे. सुरुवातीच्या तारखेआधी पास परत केला, तर 10 टक्के कापून पैसे मिळतात. ती तारीख उजाडली, की एक येनही नाही.

म्हणजे हातात एकच दिवस. सकाळीच पुन्हा तो काउंटर गाठला. माझं फाडफाड इंग्रजी समोरच्या बाईंच्या डोक्यावरून गेलं. मग रात्री पाठ केलेला शब्द काढला, ‘हाराइमोदोशी.’ म्हणजे रिफंड. सोबत पासावरच्या तारखेवर बोट. बाईंनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला: 45,000. मी आपली सवयीने मान डोलावली. हो की नाही, त्यांना कळेना! शेवटी म्हटलं, ‘हाय.’ जपानीत हो.

क्योटोचं तिकीट काढूनही 17,000 येन वाचले. तेव्हा मंडळी, पासाआधी तिकिटांची बेरीज करा. आणि तो एक शब्द पाठ करूनच विमानात बसा.