नवा जीव आधी ओसरीवर

बाहेरून आलेला माल थेट जुन्या थप्पीवर रचू नये, हा धान्याच्या व्यापारातला फार जुना नियम आहे. नव्या पोत्यांत सोंडे किंवा टोके असले, तर ते शेजारच्या निरोगी पोत्यांत शिरायला वेळ लागत नाही. आणि एकदा शिरले की प्रश्न एका पोत्याचा न राहता साऱ्या गोदामाचा होतो. म्हणून जाणता व्यापारी नवी पोती काही दिवस वेगळी ठेवतो, नमुना काढून पाहतो, आणि खात्री पटल्यावरच ती थप्पीला लावतो. या सावधगिरीत संशय नसतो, जबाबदारी असते. जुन्या मालाची जबाबदारी आणि नव्याचीही.

हाच नियम जिवंत वस्तूंना अधिक कठोरपणे लागू होतो. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा आणि त्याचा परिसर केळी व हळदीसाठी ओळखला जातो. तेथील केळी बागायतदाराला हे कोणी शिकवावे लागत नाही. प्रयोगशाळेतील बाटलीतून निघालेले ऊतिसंवर्धित रोप कोणी सरळ उन्हात लावत नाही. ते आधी आच्छादनाखाली, नंतर शेडनेटमध्ये काही आठवडे सरावते. या काळात रोप बाहेरच्या हवेला तयार होते आणि त्याच्यातील दोषही नजरेस येतात. पर्णगुच्छ किंवा मोझॅकसारखा विषाणूजन्य रोग एकदा बागेत शिरला, तर रोगट झाड बरे करणारे औषध नाही. ते उपटून नष्ट करावे लागते. म्हणूनच मातृवृक्ष विषाणुमुक्त असल्याची तपासणी रोपे तयार होण्यापूर्वीच करतात. उपाय दाराबाहेर आहे. दाराआत आहे तो केवळ पश्चात्ताप.

काचेतला समुद्र

डोंगरकड्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही तो आज काचेच्या टाकीत कोठेही उभा करता येतो. मोठ्या शहरांतील पेढ्या, दवाखाने आणि दिवाणखान्यांतून खाऱ्या पाण्याची मत्स्यालये दिसू लागली आहेत. गोड्या पाण्याच्या टाकीत मासे हेच मुख्य पाहुणे असतात. खाऱ्या पाण्याच्या टाकीत मात्र माशांबरोबर समुद्रफुले, शंखात राहणारे खेकडे, तारामासे, गोगलगायी असे कणा नसलेले अनेक जीव असतात. परदेशांत अशा टाक्यांत प्रवाळही वाढवतात. आपल्याकडील अनेकांना प्रवाळाची ओळख अंगठीतल्या पोवळ्यापुरतीच असते. प्रत्यक्षात तो मुख व स्पर्शिका असलेल्या चिमुकल्या प्राण्यांचा समूह असून, त्यांतील अनेकांच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न पुरवते. पाण्याचे तापमान थोडे वाढले तरी ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरा पडतो.

असा जीव घरी येतो तो एकटा येत नाही. तो ज्या दगडाच्या तुकड्यावर बसलेला असतो, त्याच्या भेगांत इतर प्राण्यांची अंडी, शैवालाचे कण आणि परजीवींची आवरणबद्ध अवस्था दडलेली असते. आयप्टेशिया नावाचे तपकिरी समुद्रफूल आकाराने लहान असते. पण चिरडले तर त्याच्या राहिलेल्या तुकड्यांतून नवी फुले उगवतात आणि त्याच्या दंशाने शेजारचे जीव पोळतात. काही चपटे कृमी एका विशिष्ट प्रवाळावरच जगतात आणि रंगाने त्याच्याशी इतके मिसळून जातात की अनुभवी डोळ्यालाही चकवतात. कवच नसलेल्या काही समुद्री गोगलगायी प्रवाळाच्या खालच्या बाजूला अंडी घालतात. माशांना होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची तऱ्हा आणखी निराळी. शिंपले, प्रवाळ यांना तो रोग होत नाही. पण त्याच्या परजीवीची आवरणबद्ध अवस्था त्यांच्या कवचाला चिकटून येऊ शकते. त्या आवरणातून परजीवी बाहेर पडण्यास काही वेळा ७२ दिवसांपर्यंत अवधी लागल्याचे आढळले आहे.

येथेच खरी अडचण आहे. माशांच्या रोगावर तांब्याचे क्षार गुणकारी ठरतात. पण तेच तांबे प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगाय यांना मारक असते. म्हणजे रोग मुख्य टाकीत शिरल्यावर औषध घातले तर निम्मे जीव औषधाने जातात आणि न घातले तर उरलेले रोगाने. या पेचातून सुटण्याचा मार्ग एकच: नव्या जिवाला आधी वेगळ्या टाकीत थांबवणे. करोनाच्या काळात घराघरांत पोहोचलेला ‘विलगीकरण’ हा शब्द येथे तंतोतंत बसतो. व्यापाऱ्यांना त्याचा इतिहासही ठाऊक असावा. प्लेगच्या भीतीने १३७७ मध्ये रागुसा, म्हणजे आजच्या दुब्रोव्निक, या व्यापारी बंदराने रोगग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली, आणि त्या चाळीसवरूनच ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला.

वेगळ्या टाकीची रीत

विलगीकरणाची टाकी थाटाची नसावी. चाळीस-साठ लिटरची, तळाला वाळू नसलेली, साधी टाकी पुरते. तळ उघडा असला की पडलेले कृमी व अंडी दिसतात. मुख्य टाकीत आधीपासून मुरलेला स्पंजाचा गाळक, पाणी खेळते ठेवणारा छोटा पंप, तापमान २५-२६ अंशांवर राखणारे साधन आणि बेताचा प्रकाश एवढी सामग्री लागते. पाण्याची क्षारता सागराइतकी, म्हणजे लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, असावी. नवा जीव पिशवीतून सरळ टाकीत सोडू नये. टाकीतले पाणी थेंबाथेंबाने त्याच्या भांड्यात सोडून त्याला हळूहळू सरावू द्यावे. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. सोबत आलेला दगडाचा तुकडा शक्य असल्यास काढून टाकावा, कारण बहुतेक अंडी त्यावरच असतात.

प्रवाळाला कीडनाशक द्रावणात काही मिनिटे बुडवून काढण्याची पद्धत सर्वत्र आहे. तिच्याने चालते-फिरते कृमी गळून पडतात. पण अंड्यांना काही होत नाही. म्हणून एका बुडवणीवर समाधान मानणे ही नेहमीची चूक ठरते. अंडी फुटून निघालेली पिले मोठी होण्याआधी, आठवड्याच्या अंतराने, ती पुन:पुन्हा करावी लागते. रात्री विजेरीच्या उजेडात पाहणी करावी. दिवसा लपलेले अनेक जीव तेव्हाच बाहेर येतात. चार ते सहा आठवडे हा सर्वसाधारण काळ मानतात. माशांच्या परजीवीची शंका दूर करायची असेल, तर मासे नसलेल्या टाकीत अकरा आठवडे थांबावे. यजमान मासा न मिळाल्याने परजीवी आपोआप संपतो. या टाकीची जाळी, चिमटे आणि बादल्या वेगळ्या असाव्यात आणि काम हातमोजे घालून करावे, कारण काही समुद्रफूलसदृश जीवांत माणसालाही घातक असे विष असते.

कायद्याची मर्यादा

हे सारे करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात हवी. दगडी सांगाडा घडवणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. समुद्रातून काढलेला असा प्रवाळ विकणे किंवा बाळगणे गुन्हा आहे. ‘दुकानदाराने दिला’ ही सबब चालत नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी व हाजी अली येथील प्रवाळवसाहती २०२० मध्ये हलवाव्या लागल्या, तेव्हा महानगरपालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेल्या परदेशी प्रजाती पाळणाऱ्यांवर नोंदणीचे बंधनही घातले आहे. तेव्हा कोणताही समुद्री जीव घेताना त्याचे नेमके नाव, रीतसर पावती आणि वनखात्याकडील खुलासा आधी हवा.

न थांबवलेला पाहुणा

विलगीकरण न केल्यास काय होते, याचे उत्तर मराठवाड्याच्या शेतांत मिळते. आफ्रिकेची राक्षसी गोगलगाय १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि तिथल्या बागेत सोडली. हेतू वाईट नव्हता. पण एका खेपेला शंभराहून अधिक अंडी घालणारा आणि कोरड्या ऋतूत मातीत निपचित पडून राहणारा हा जीव रोपांच्या मातीतून व वाहतुकीतून देशभर पसरला. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त केले. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली आणि शासनाला मदत जाहीर करावी लागली. शेतकऱ्यांनी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर टाकून गोगलगायी गोळा केल्या, त्या मिठाच्या पाण्यात बुडवल्या, विषारी गोळ्या पसरल्या. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या ज्या कुटुंबांत जीवदया हा संस्कार आहे, त्यांच्यासाठी गल्ल्यावर बसून ते विष विकणे सोपे नव्हते. पण उद्ध्वस्त शेतकऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे, हीही दया नव्हती.

समुद्रातही हेच घडते. काळ्या पट्ट्याची परदेशी शिंपली जहाजांच्या तळांना चिकटून विशाखापट्टणम व मुंबई येथील बंदरांत पोहोचली आणि कायमची राहिली. तीच १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या नौकातळांत आढळली. ती पसरू नये म्हणून तेथे तीन नौकातळांच्या पाण्यात क्लोरीन आणि तांब्याचे क्षार ओतण्यात आले. शिंपली नाहीशी झाली. पण तिच्याबरोबर त्या पाण्यातले इतर जीवही मेले. दाराशी न झालेली तपासणी अखेर अशी सरसकट हिंसेची वेळ आणते.

पाणी ज्याचे त्याला

पाणी गाळून प्यावे आणि गाळणीवर राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत अलगद सोडावी, असा दंडक अनेक जैन घरांत पिढ्यान्पिढ्या पाळला गेला. त्यातला ‘त्याच विहिरीत’ हा भाग फार मोलाचा आहे. एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात सोडला, तर तो स्वत: मरेल किंवा तिथल्यांना मारील. मत्स्यालय ठेवणाऱ्यानेही टाकीतले पाणी, शैवाल वा नकोसे झालेले जीव ओढ्यात, तलावात किंवा समुद्रात सोडू नयेत. दया म्हणून सोडलेला जीवही तेथे परका असतो.

विलगीकरणाच्या टाकीतही काही कृमी मरतात, हे नाकारता येत नाही. सर्वांत कमी हिंसेची टाकी म्हणजे जी मांडलीच नाही ती. ज्या घरात मुलांना समुद्र दाखवायचा आहे, त्यांना मालवणच्या किनाऱ्याची सहल अधिक काही शिकवील. पण टाकी आधीच घरात असेल, तर नव्या जिवाची खरेदी करण्यापूर्वी दुसरी छोटी टाकी तयार असावी, तिच्यासाठी जागा ठरलेली असावी आणि दीड महिना थांबण्याची घरातल्या सर्वांची तयारी असावी. तेवढी तयारी नसेल, तर तो जीव दुकानातून आणूच नये.