रेघ कुठून मोजायची?

लहानपणी गोट्या खेळताना निम्मी भांडणं कशावरून व्हायची? रेघेवरून! "पाय पुढे आला" म्हणून डाव मोडायचा. आज डार्ट्स या खेळातल्या त्याच रेघेबद्दल बोलायचंय. इंग्रजीत तिला 'ऑकी' म्हणतात.

आकडे सोपे आहेत. फळ्याचा मध्यबिंदू, म्हणजे 'बुल', जमिनीपासून 1.73 मीटर उंच. रेघ 2.37 मीटर लांब. आता प्रश्न असा, की हे 2.37 मोजायचे कुठून? बहुतेक जण टेपचं टोक भिंतीला लावतात, आणि तिथेच चूक होते. अंतर फळ्याच्या दर्शनी बाजूपासून मोजायचं असतं. फळ्याची जाडी आणि मागची पट्टी मिळून चार-पाच सेंटीमीटर सहज होतात. तेवढे तुम्ही पुढे उभे राहता. आणि तिहेरी गुणांची पट्टी जेमतेम 8 मिलिमीटर रुंद! घरी चुकीच्या रेघेवर हात बसवलेला मुलगा स्पर्धेत खऱ्या रेघेवर उभा राहिला, की बाण खाली बसायला लागतात. दोष हाताचा नसतो, टेपचा असतो.

म्हणून गवंडी करतात तसं करा. फळ्याच्या दर्शनी बाजूवरून ओळंबा सोडा, तो जमिनीला टेकेल तिथून 2.37 मोजा. रेघेची जी कड खेळाडूच्या बाजूला, तिथपर्यंत. मग ताळा करून बघा: बुलपासून त्या कडेपर्यंत तिरकं अंतर 2.93 मीटर आलं पाहिजे. शाळेतला पायथागोरस, दुसरं काही नाही.

आपल्या मुळशी तालुक्याच्या पुण्याकडच्या टोकाला, म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीची रेंज आहे. तिथेही हाच न्याय. 10 मीटर मोजायचे ते नेम धरायच्या रेघेपासून लक्ष्याच्या दर्शनी बाजूपर्यंत. पाय रेघेमागे हवा, बंदुकीची नळी मात्र पुढे गेली तरी चालते. डार्ट्समध्येही तसंच. पाय मागे ठेवून कमरेतून कितीही वाका, हात रेघेपुढे गेला तर हरकत नाही. रेघ पायाला बांधते, हाताला नाही. मग उंच माणसाला थोडा फायदा मिळतो का? मिळतो, आणि नियमाला तो मान्य आहे.

शेवटी एक गोष्ट सांगतो. व्हीलचेअरवरून खेळणाऱ्यांसाठी बुल 1.73 ऐवजी 1.37 मीटरवर आणतात. रेघ मात्र तीच, 2.37. बसलेल्या माणसासाठी फळा खाली येतो, पण त्याला कोणी "दोन पावलं पुढे या" म्हणत नाही. सवलत आणि बरोबरी यांतला फरक मला या एका आकड्यात दिसतो.

तेव्हा घरी गेल्यावर आधी टेप काढा. सराव नंतर.