संगणकाला आपला प्रिंटर कसा सांगावा?

शाळेत बहुधा दोन-तीन प्रिंटर असतात : एक कार्यालयात, एक शिक्षक-कक्षात, एक संगणक कक्षात. छपाईचा कागद यांपैकी कोठे पाठवायचा हे संगणक ‘डीफॉल्ट’ म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या प्रिंटरवरून ओळखतो. समजा, सहामाहीची प्रश्नपत्रिका चुकून संगणक कक्षातील बंद प्रिंटरकडे गेली. ती नाहीशी होत नाही, रांगेत थांबून राहते. दुसऱ्या दिवशी मुलांच्या तासाला कोणी प्रिंटर सुरू केला, की ती सर्वांसमोर बाहेर पडू शकते!

ही निवड आपोआप कशी बदलते? नोव्हेंबर २०१५ च्या सुधारणेपासून विंडोज १० मध्ये एक सोय आली. त्या जागी शेवटी जो प्रिंटर वापरला, तोच पुढे डीफॉल्ट धरला जातो. विंडोज ११ मध्येही ती आहे. अनेक प्रिंटर असलेल्या शाळेत तिचा उपद्रवच अधिक. म्हणून सेटिंग्जमधील ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडून ती प्रथम बंद करावी.

आता स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे संगणकासाठी लिहून ठेवलेल्या आज्ञा. आपल्याला एकच ओळ पुरते. नोटपॅडमध्ये ‘रनडीएलएल३२’ ही आज्ञा, पुढे ‘प्रिंटयूआय डॉट डीएलएल, प्रिंटयूआयएन्ट्री’, मग ‘/वाय’, ‘/एन’ आणि अवतरणचिन्हांत प्रिंटरचे नाव, असे सर्व इंग्रजी अक्षरांत लिहावे. ‘/वाय’ म्हणजे डीफॉल्ट कर. ‘/एन’ म्हणजे पुढे नाव येत आहे. नाव यादीत दिसते तसेच, अक्षरशः हवे. फाइलच्या नावाचा शेवट ‘डॉट बॅट’ असा ठेवावा. नंतर विंडोजची कळ व ‘आर’ एकत्र दाबून ‘शेल:स्टार्टअप’ लिहिल्यावर जो फोल्डर उघडतो, त्यात ही फाइल ठेवावी. लॉग-इन होताच ती आपोआप चालते. डीफॉल्ट प्रिंटर प्रत्येक खात्याचा वेगळा असतो. म्हणून ज्या खात्यांतून छपाई होते, त्या प्रत्येकात ती ठेवावी.

एकच लॅपटॉप पेडणे आणि डिचोली अशा दोन्ही ठिकाणी नेला जात असेल, तर ‘पेडणे’ व ‘डिचोली’ नावांच्या दोन फाइली डेस्कटॉपवर ठेवाव्यात. जेथे असू तेथील फाइलवर दोनदा क्लिक केले की झाले.

२००० नंतरच्या वर्षांत ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ने परदेशांतून आलेले वापरलेले संगणक लिनक्स घालून गोव्यातील शाळांना दिले होते. लिनक्सवर ‘एलपीऑप्शन्स’ या आज्ञेपुढे ‘-डी’ व प्रिंटरचे नाव एकदाच लिहावे लागते. ती निवड त्या खात्यात कायम राहते.

तथापि आधीच रांगेत असलेली छपाई स्क्रिप्ट पुसत नाही. ती रांग उघडून हातानेच रद्द करावी. आणि प्रश्नपत्रिका, गुणपत्रके छापताना प्रिंटरचे नाव एकदा डोळ्यांनी पाहूनच बटण दाबावे, अशी आम्ही सर्वांना विनंती करतो.