विटांचा हिशेब आणि सातवा दिवस

विसावा मागणाऱ्याला ‘आळशी’ म्हणून झिडकारणारा आवाज बायबलमध्येही ऐकू येतो. पण तो देवाचा नाही, मिसरच्या फारोचा आहे.

‘निर्गम’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मोशे आणि अहरोन त्याच्यापुढे उभे राहतात. विटा पाडणाऱ्या इस्राएली गुलामांना रानात जाऊन देवाचा सण करू द्या, एवढंच त्यांचं मागणं. फारो मातीत मिसळायचा पेंढा देणंच बंद करतो. पेंढा तुम्हीच हुडकून आणा, विटा मात्र तेवढ्याच भरल्या पाहिजेत. वर ठपका असा की, हातात काम कमी पडलं म्हणून यांना देव आठवतो!

पुढे हीच माणसं सुटून रानात येतात आणि भुकेनं कुरकुरू लागतात. एका सकाळी दंव विरतं, तर जमिनीवर हिमकणांसारखं काहीतरी बारीक पसरलेलं. धण्यासारखं, पांढरं, चवीला मध घातलेल्या पापडीसारखं. हाच मान्ना. माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे २ लिटर, गोळा करायचा. ऊन तापलं की तो वितळतो आणि उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडतात. सहाव्या दिवशी मात्र तो दुप्पट मिळतो आणि रात्रभर ठेवूनही नासत नाही. सातव्या दिवशी काहीच पडत नाही. तरी काही जण सकाळी शोधायला बाहेर पडतातच! आयुष्यभर विटा मोजलेल्या माणसांना स्वस्थ बसणं सुचणार कसं?

थक्क व्हायला होतं ते पुढेच. हा प्रसंग सोळाव्या अध्यायातला. दहा आज्ञा येतात त्या विसाव्या अध्यायात. खून, चोरी यांविषयीचे नियम दगडी पाट्यांवर कोरले जाण्याआधी देव या माणसांना थांबायला शिकवतो.

आणखी मागे, उत्पत्तीत जाऊ. माणूस घडतो सहाव्या दिवशी आणि सातव्या दिवशी देव विसावतो. म्हणजे माणसाच्या वाट्याला आलेला पहिला पुरा दिवस विसाव्याचा! त्याच्या हातून अजून कसलंच काम झालेलं नाही. जे कमवावंच लागलं नाही, ते घेताना अपराधी का वाटावं? ख्रिस्ती आठवड्याचीही रचना अशीच आहे. येशूच्या पुनरुत्थानाचा रविवार हा आठवड्याचा पहिला दिवस. आधी उपासना आणि विसावा, मग सोमवारची कामं.

खुद्द येशूही झोपतो. मार्कच्या चौथ्या अध्यायात दिवसभर शिकवून झाल्यावर तो लोकांचा जमाव मागे सोडून नावेतून निघतो. वादळ उठतं, लाटा आत शिरतात आणि तो नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून गाढ झोपलेला असतो. किनाऱ्यावरच्यांची दुःखं काही संपलेली नव्हती. पित्यावर भार टाकून तो निजला.

बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशीच्या विसाव्याची, आज्ञा पुन्हा येते. तिथे दास-दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला परकाही विसाव्याचा वाटेकरी आहे, कारण तुम्हीही मिसरात गुलाम होता. आपला विसावा पारखायचा तो इथेच. रविवारी आपण निवांत पडलो असताना स्वयंपाकघरातल्या आईला आणि घरकामाच्या मावशींना सुटी आहे का? नसेल, तर आधी उठून भांडी घासावीत आणि मग सगळ्यांनी मिळून, मनाला कसलीही टोचणी न लावता, विसावावं.