‘ऑल्दो’ आला की ‘बट’ला सुट्टी!

आज बोलूया इंग्रजीतल्या जोडणाऱ्या शब्दांबद्दल.

मराठीत हे शब्द जोडीनं येतात. जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जर-तर. ‘जरी पाऊस होता, तरी मी गेलो.’ आता हीच जोडी आपण इंग्रजीत नेतो: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट आय वेन्ट.’ इथेच घोळ होतो. इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला एकच शब्द पुरतो. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, आय वेन्ट’ म्हणा, नाहीतर ‘इट वॉज रेनिंग, बट आय वेन्ट.’ दोन्ही बरोबर.

‘बिकॉज’ आणि ‘सो’चंही तसंच. ‘बिकॉज आय वॉज सिक, सो आय स्टेड होम’ यातला कोणताही एक काढा. ‘इफ’सोबत ‘देन’ मात्र चालतो, पण तोही सक्तीचा नाही.

‘डिस्पाइट’नंतर ‘ऑफ’ नको. ‘इन स्पाइट’नंतर हवाच. ‘डिस्पाइट द रेन’, ‘इन स्पाइट ऑफ द रेन’.

याचा उपयोग कुठे? समजा, इंटरव्ह्यूत अनुभवाबद्दल विचारलं. ‘आय लर्न फास्ट, बट आय हॅव नो एक्सपीरियन्स’ म्हणालात, तर समोरच्याच्या कानात ‘नो एक्सपीरियन्स’ राहतं. त्यापेक्षा मी सांगेन, ‘ऑल्दो आय हॅव नो एक्सपीरियन्स, आय लर्न फास्ट’ म्हणा. माहिती तीच, पण शेवट तुमच्या बाजूनं!

आता स्वतःबद्दल असंच एक वाक्य मोठ्यानं बोलून बघा. भेटू पुढच्या भागात!