सवलत सरकारची, हमी कोणाची?

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बीड जिल्ह्यातली कितीतरी घरं कुलूपबंद झालेली असतील. दसरा सरला की ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले कोयते (इथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांची वाट धरतात. कष्टकरी माणसांचा तुटवडा नसलेल्या या जिल्ह्यात उद्योग मात्र येत नाही. का?

सरकारने बोलावलं नाही, असं म्हणता येणार नाही. मुंबई-पुण्याबाहेर उद्योग जावेत म्हणून राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून चालू आहे. तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त: राज्य जीएसटीचा परतावा, वीज शुल्क माफी, मुद्रांक शुल्क माफी, व्याजात सूट. या उतरंडीत बीड सवलतीच्या वरच्या पायरीवर बसतं. तरीही 2022 मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर कारखाना गुजरातला गेला म्हणून महाराष्ट्र हळहळला, तेव्हा हुकलेली जागा होती पुण्याजवळचं तळेगाव. तो कारखाना बीडमधल्या आष्टीला किंवा माजलगावला का नको, असं विचारणारा आवाज काही मोठा झाला नाही.

नुसत्या सवलतीने काम भागत नाही, याचा दाखला शेजारच्या जिल्ह्यातच आहे. 1985 मध्ये बजाज ऑटो वाळूजला आली, त्यामागे सवलती होत्याच. पण पैठणच्या जायकवाडीचं पाणी जवळ होतं, निजामाच्या काळापासूनची रेल्वे होती, चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आधीच रुजली होती. बजाजच्या मागोमाग सुटे भाग करणारे लघुउद्योग आले. आता शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक नगरीत नवे कारखाने येताहेत, त्यांना हा गोतावळा तयारच मिळतो. बीडला असा पहिला मोठा पाहुणा आलाच नाही.

नाही म्हणायला परळी आहे. तिथे 1971 पासून औष्णिक वीज केंद्र चालतं. परळीला रेल्वे होती, कोळसा येऊ शकत होता. 2015 च्या उन्हाळ्यानंतर मात्र पाण्याअभावी या केंद्रातली वीजनिर्मिती थांबवावी लागली. सरकारी वीज केंद्राची ही गत झालेली पाहून कोणता खासगी उद्योजक इथे पाण्याच्या भरवशावर यंत्रं बसवेल?

रेल्वेचीही तीच रडकथा. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला. 2022 च्या सप्टेंबरात गाडी आष्टीला पोहोचली आणि 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरात. मंजुरीच्या साली जन्मलेलं पोर तिशीचं झालं. बीडकरांनी जल्लोष केला, तो रास्तच होता. पण मालाची पाठवणी आठवड्यावर बेतणाऱ्या कंपनीला तीस वर्षं थांबायला सांगता येत नाही.

आता नाजूक जागेकडे. बालाघाटच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या वाऱ्यासाठी. साबणाचा किंवा सुट्या भागांचा कारखाना कुठेही नेता येतो. पवनचक्कीला वाऱ्याकडेच यावं लागतं. म्हणजे बीडला फारशी मनधरणी न करता मिळालेला हा उद्योग. आणि त्याच्याच वाट्याला काय आलं? केज तालुक्यातल्या मस्साजोगमध्ये आवादा कंपनीच्या पवनचक्की प्रकल्पावर 6 डिसेंबर 2024 रोजी वाद झाला. 9 डिसेंबरला सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले, असं सीआयडीचं आरोपपत्र सांगतं. निकाल न्यायालय देईल. पण गुंतवणूकदाराला त्या निकालाची वाट पाहण्याची गरज नसते. बातमी वाचून तो नकाशावरचं बोट पुढे सरकवतो.

माझ्या मते बीडच्या औद्योगिक धोरणाचा पहिला कागद उद्योग खात्याने लिहायचा नसून गृहखात्याने लिहायचा आहे. दावोसमध्ये जानेवारी 2025 मध्ये राज्याने पंधरा लाख कोटींच्या वर रकमेचे करार केले. त्यातला एखादा प्रकल्प इकडे वळवायचा, तर खंडणीची तक्रार करणाऱ्या व्यवस्थापकाला ठाण्यात पहिल्या फेरीत गुन्हा नोंदवून मिळाला पाहिजे, आणि तक्रारीनंतर त्याला सुखाने झोपता आलं पाहिजे.

तोवर हाताशी आहे ते बघावं. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण हे फळ पिकलं की दोन-तीन दिवसांत उतरतं, त्यामुळे शेतकरी मिळेल त्या भावाला देऊन मोकळा होतो. गर काढून गोठवणाऱ्या छोट्या प्रकल्पाला प्रचंड जमीन लागत नाही. लागते ती न जाणारी वीज आणि शीतगृह. कापसाचंही तसंच: जिनिंग इथे होतं, पण सूत आणि कापडाची कमाई बहुतेक दुसरीकडे जाते. अशी कामं दहा गावांत विखुरलेली असली की एकाच फाटकावर वसुलीला उभं राहणंही अवघड जातं.

टाटा टेक्नॉलॉजीजच्या साथीने बीडमध्ये तंत्र प्रशिक्षणाचं मोठं केंद्र उभारण्याचं ठरलं आहे. त्याचं स्वागत. पण तिथून शिकून बाहेर पडणाऱ्या पोरांसाठी जिल्ह्यातच काम उभं राहिलं नाही, तर ती चाकणची गाडी धरतील. बापाने उचल घेऊन जिल्हा सोडला. मुलगा प्रमाणपत्र घेऊन सोडेल.